दहा नगांचे काम
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



संगणकाच्या पेटीला लागणारा भोकाभोकांचा पत्रा, आणि तोही अवघे दहा नग! शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय कशासाठी, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचताना काहींच्या मनात आला असेल. पण हैदराबादेत पत्र्याच्या कामावर किती घरांची चूल पेटत आली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा विषय परका वाटणार नाही. सभागृहात असे काही जण बसलेले असतीलच.

शाळेने पहिला वर्ग भरवला ते दशक या शहराच्या कारखानदारीचेही उमेदीचे दशक होते. 1967 मध्ये येथे ईसीआयएलची स्थापना झाली आणि 1969 मध्ये ‘टीडीसी-12’ हा देशी संगणक साकारला. 1968 मध्ये बालानगरला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन सुरू झाले. साचे कसे आखावेत, हत्यारे कशी घडवावीत, याचे रीतसर शिक्षण देणारी ती संस्था. मोठ्या सरकारी कारखान्यांच्या जॉबवर्कवर बालानगर आणि सनतनगर या भागांत लहान लहान कारखाने उभे राहिले. एका शेडमध्ये कातरयंत्र, शेजारी प्रेस, कोपऱ्यात वेल्डिंग आणि दारात सायकली. त्या काळातला संगणक कपाटाएवढा असे, आणि कपाट म्हटले की पत्रा आला, पत्र्यात हवेसाठी भोके आली. विषय जुनाच आहे. पेटी तेवढी लहान झाली.

पेटी लहान झाली, तशी तिच्यातली उष्णता मात्र कमी झाली नाही. चांगल्यापैकी ग्राफिक्स कार्ड बसवलेला संगणक कामाला लागला की 400 वॉट वीज सहज खेचतो, आणि ती जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होऊन पेटीत साठते. पेटीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा 10 अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर तासाला सुमारे 120 घनमीटर हवा तिच्यातून खेळती राहिली पाहिजे. मे महिन्यात खोलीतच 38 अंश असतील, तर पेटीत 48 होतात, आणि आतल्या चिपा त्याहून कितीतरी वर. तापलेली चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पैसे पूर्ण वेगाचे मोजलेले असतात, काम अर्ध्यामुर्ध्या वेगाचे मिळते. मध्यंतरी समोर अखंड काच लावलेल्या पेट्यांची हौस वाढली. काच दिसते देखणी, पण पंखा काचेतून हवा ओढणार कशी? अशा पेटीला उपाय एकच. काचेच्या किंवा बंद पत्र्याच्या जागी जाळीदार पत्रा बसवायचा.

हा पत्रा हवा कोणाला असतो? स्वतःचा संगणक सुट्या भागांतून जुळवणाऱ्या मुलाला. स्पर्धेसाठी यंत्र बनवणाऱ्या महाविद्यालयीन गटाला. प्रयोगशाळेतल्या उपकरणासाठी पेटी हवी असलेल्या प्राध्यापकाला. चार गिऱ्हाइकांसाठी सर्व्हर जुळवून देणाऱ्या लहान व्यावसायिकाला. यांची गरज एकाची, पाचांची, फार तर दहा-वीस नगांची. ती घेऊन हा मुलगा कारखान्याच्या दारात जातो तेव्हा बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘इतके छोटे काम घेत नाही’, किंवा मग असा भाव, की ऐकूनच तो परत फिरावा. घरी येऊन तो इंटरनेटवर चीनमधल्या एखाद्या कारखान्याकडे मागणी नोंदवतो. त्याच दुपारी इकडच्या शेडमधले मशीन दोन तास रिकामे उभे असते. मुलगा आणि मशीन यांच्यात अंतर असते जेमतेम आठ-दहा किलोमीटरांचे.

दोष कोणाचा, हे ठरवण्यापूर्वी भाव कसा बनतो ते पाहू. साधारण 450 मिलिमीटर चौरस आणि 1 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन भरते दीड किलोच्या थोडे वर. पत्रा किलोला शंभर रुपये धरला, तरी धातूची किंमत दीडशेच्या आसपास. म्हणजे महागाई धातूत नाही. ती तयारीत आहे. समजा, ड्रॉइंग तपासणे, मशीनची आज्ञावली लिहिणे, टूल बदलणे, पत्रा चढवणे आणि पहिला नग मोजून पाहणे या सगळ्याला मिळून 2000 रुपये पडतात, आणि पुढे प्रत्येक नगाला पत्रा व मशीनचा वेळ धरून 300. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची चाल खरी आहे. एकच नग केला तर तो 2300 रुपयांना पडेल. दहा केले तर प्रत्येकी 500. शंभर केले तर 320, आणि हजार केले तर 302. पहिल्या नगापासून दहाव्यापर्यंत भाव 1800 रुपयांनी उतरला. दहाव्यापासून हजाराव्यापर्यंत अवघ्या 198 रुपयांनी. ‘हजार नगांशिवाय परवडत नाही’ हे वाक्य प्रत्येक साच्यासाठी लाखभर रुपये ओतावे लागत होते त्या दिवसांतले आहे. संगणकावर चालणारे लेझर आणि पंचिंग मशीन आल्यावर प्रत्येक कामासाठी वेगळा साचा लागेनासा झाला. तरी वाक्य टिकून राहिले. वाक्ये यंत्रांपेक्षा जास्त टिकतात.

उरले ते 300 रुपये. ते 300 राहतील की 3000 होतील, हे कारखानदारापेक्षा ड्रॉइंग काढणारा ठरवतो. त्याला बहुधा याची कल्पना नसते.

पुष्कळ मुले पडद्यावर पत्रा आखताना एक भोक काढतात आणि बटण दाबून सगळ्या पृष्ठभागावर त्याच्या प्रती उमटवतात. 3 मिलिमीटर व्यासाचे गोल भोक, दोन भोकांच्या केंद्रांत 4 मिलिमीटर अंतर, रांगा एकाआड एक सरकवलेल्या, आणि 400 मिलिमीटर चौरस जागा. पडद्यावर ही जाळी रेशमासारखी दिसते. भोके किती झाली? साडेअकरा हजार. लेझरचा किरण त्या प्रत्येक ठिकाणी थांबणार, पत्रा भेदणार, वर्तुळ फिरून पुढे सरकणार. प्रत्येक भोकाला सगळे मिळून अर्धा सेकंद धरला, तरी एका नगाला दीड तासाहून अधिक वेळ लागेल, आणि कापाची एकूण लांबी भरेल शंभर मीटरच्या वर. कारखानदार भाव सांगतो तो या दीड तासाचा. मुलाला वाटते, हा माणूस लुबाडतो आहे.

आता तेच ड्रॉइंग जरा विचार करून काढू. हवा पंख्यातून आत येते. पंखा नाही तेथे भोके कशासाठी? उलट ती असली तर आत आलेली हवा गरम भागांपर्यंत न पोचता जवळच्या भोकांतून निसटून जाते. तेव्हा 120 मिलिमीटरचे तीन पंखे ओळीने बसतात, तेवढ्याच 360 बाय 120 च्या पट्ट्यात भोके ठेवू. गोलाऐवजी षट्कोन घेऊ. समोरासमोरच्या बाजूंत 6 मिलिमीटर अंतर, आणि केंद्रांत 8. मधमाश्यांनी हे गणित फार पूर्वीच सोडवून ठेवले आहे. षट्कोन एकमेकांना इतके नीट खेटून बसतात, की मधल्या पट्ट्यांत धातू वाया जात नाही. आता भोके झाली आठशेच्या आत आणि कापाची लांबी सुमारे 16 मीटर. दीड तासाचे काम काही मिनिटांवर आले.

यात हवेचे नुकसान झाले का? भूमिती शिकवणाऱ्या गुरुजींनी हा प्रश्न वर्गात जरूर घालावा. सरकवलेल्या रांगांतल्या गोल भोकांसाठी व्यासाला केंद्रांतराने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला 90.69 ने गुणायचे, म्हणजे पत्र्याचा किती टक्के भाग मोकळा राहिला ते कळते. 3 आणि 4 घेतले तर उत्तर येते 51 टक्के. षट्कोनासाठी तोच वर्ग सरळ 100 ने गुणायचा; 6 आणि 8 चे उत्तर 56 टक्के. म्हणजे पंख्यासमोर भोके कमी, काप कमी, आणि वाट मात्र अधिक मोकळी. सहावी-सातवीतल्या गुणोत्तरांचे असे रोख मोल क्वचितच दिसते.

लांबट फटी कापल्या तर वेळ आणखी वाचेल, असे कोणी सुचवील. वाचेलही. पण धातूची पेटी आतल्या रेडिओलहरी बाहेर पडू न देण्याचेही काम करते, आणि लहर निसटते ती फटीच्या लांबीतून. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. सहा सेंटिमीटरची फट म्हणजे तिला जवळपास उघडे दार. सहा-सात मिलिमीटरच्या भोकातून तिचा फारसा निभाव लागत नाही. शिवाय घरात रांगते मूल असेल, तर त्याचे बोट फिरत्या पात्यांपर्यंत जाता कामा नये.

याहून स्वस्त वाट आहे, आणि जुन्या फिटरला ती सर्वांत आधी सुचते. बाजारात तयार जाळीचा पत्रा मिळतो, आठ फूट बाय चार फुटांचा. तो मोठमोठ्या प्रेसवर एका ठोक्यात भोकांच्या रांगाच्या रांगा पाडून केलेला असतो, त्यामुळे प्रत्येक भोकाची किंमत नगण्य. साध्या पत्र्याला मधोमध एक चौकोनी खिडकी कापायची आणि आतून जाळीचा तुकडा रिव्हेटने किंवा स्पॉट वेल्डिंगने बसवायचा. तुकडा कापताना काठावरची भोके अर्धीच तुटतात आणि करवतीसारखे दात राहतात. म्हणून तो खिडकीपेक्षा चहूकडून दहा-बारा मिलिमीटर मोठा घ्यायचा, म्हणजे दात चौकटीमागे दडतात. राणीगंजच्या बाजारात अर्धा दिवस फिरले, तर घरच्या पेटीसाठी हे सगळे सामान जमते. सौंदर्यात लेझरच्या जाळीपुढे हा पत्रा किंचित उणा दिसेल. पण पहिल्याच वेळी स्वतःच्या हाताने काही करून पाहणाऱ्या मुलाला हीच वाट सुचवावी. चूक झाली तर तिची किंमत शे-दोनशे रुपयांत आटोपते.

पत्रा कापून झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. सपाट पत्रा हातात धरला की थरथरतो. कडा काटकोनात वळवल्या की त्याला कणा येतो. वळवताना धातू ताणला जातो, म्हणून बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून सपाट पत्रा कापला तर तयार नग मोठा होतो. वजावट किती करायची, हे त्या त्या कारखान्याच्या बेंडिंग मशीनवर आणि त्याच्या टूलवर अवलंबून असते. ते पुस्तकातून घेऊ नये, मशीन चालवणाऱ्याला विचारावे. वळणाच्या फार जवळ भोक ठेवले तर ते ओढले जाऊन लंबगोल होते. पंचिंग केलेला पत्रा दाट भोकांमुळे मध्ये फुगतो, त्याला पुन्हा सपाट करावे लागते. खालच्या अंगाला भोकाच्या काठाशी धार उठते, कारखान्यात तिला ‘बर’ म्हणतात. ती घासून काढल्याशिवाय नग दाराबाहेर पडू देऊ नये. बोट कापले तर दोष ड्रॉइंगचाही नसतो आणि मशीनचाही नसतो, आळसाचा असतो.

रंगाबद्दल थोडे. पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा असतो. तो भोकाच्या सगळ्या काठावर चढतो, म्हणून 3 मिलिमीटरचे भोक पाऊण-एक दशांशाने नव्हे, जवळजवळ दीड दशांश मिलिमीटरने अरुंद होते. जेथे स्क्रू घट्ट बसायचा तेथे हे आधीच धरावे लागते. लेझरने ऑक्सिजन वापरून कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पापुद्रा राहतो आणि त्यावरचा रंग पुढे सुटतो. नायट्रोजनने कापले तर कड स्वच्छ येते. दहा नगांसाठी खास रंग मागू नये. भट्टीत आज कोणता रंग चालला आहे ते विचारावे आणि त्यातच आपले नग टांगून घ्यावेत. काळा किंवा वीजफलकांचा फिकट राखाडी बहुतेक ठिकाणी चालूच असतो.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही, आणि पालकांनी ती विशेष ऐकावी. रंग विजेला अडवतो. नवा पत्रा चारी बाजूंनी रंगवून बसवला, तर तो पेटीच्या अर्थिंगपासून तुटून पडतो. आतली एखादी तार सुटून त्याला टेकली, तर तो पत्रा हाताला जिवंत लागू शकतो. म्हणून स्क्रूखालची एक जागा तरी रंगाविना ठेवावी आणि पत्रा पेटीच्या सांगाड्याशी धातूला धातू लागून जोडलेला आहे की नाही, हे मीटर लावून पाहावे. स्वस्त कामात सर्वांत आधी गळते ते हेच, कारण डोळ्यांना ते दिसत नाही.

मुलगा आणि कारखाना यांच्यात आणखी एक दरी आहे, ती भाषेची. बालानगरच्या शेडमध्ये तेलुगू, दखनी, हिंदी अशा सगळ्या भाषा चालतात, मराठीही कानावर पडते. प्रश्न त्या भाषांचा नाही. जुना कारागीर जाडी गेजमध्ये बोलतो आणि भोक सुतात. त्याचे अठरा गेज म्हणजे 1.22 मिलिमीटर, वीस गेज म्हणजे 0.91. त्याचे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. मुलगा म्हणतो तीन मिलिमीटर, कारागीर म्हणतो एक सूत, दोघे मान डोलावतात आणि स्क्रू बसत नाही. कागदावर प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये, जाडी आकड्यात आणि वळणाची दिशा बाणाने दाखवलेली हवी. इतके लिहून झाल्यावरही कागद पुढे करून विचारावे, ‘यात काय बदलले तर तुमचा वेळ वाचेल?’ या प्रश्नाला बहुतेक कारागीर खुर्ची पुढे ओढतात. चाळीस वर्षे पत्रा वळवलेल्या माणसाला कोणी त्याचे मत विचारावे, असे प्रसंग फार येत नाहीत.

आता चीनची गोष्ट. शेनझेनचे कारखाने पाच-दहा नग कसे पुरवतात, यात जादू काही नाही. एकाच जाडीचे, एकाच धातूचे, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे तुकडे ते एका मोठ्या पत्र्यावर शेजारी शेजारी मांडतात. तयारीचा खर्च वीस जणांत वाटला जातो. शेअर ऑटोचे गणित तेच असते. एकट्याने ऑटो केला तर भाडे एकट्याच्या माथी. हे येथे अशक्य नाही. कारखान्याने ठरवावे, की लहान कामे शनिवारी, फक्त 1 मिलिमीटर पोलाद, फक्त काळा रंग, आणि ड्रॉइंग गुरुवारपर्यंत. गिऱ्हाइकाने तेवढी शिस्त मान्य करावी. मार्च 2023 पासून या शहरात सरकारचे टी-वर्क्स हे नमुने घडवण्याचे केंद्र सुरू आहे. पहिला नग तेथे करून पाहावा आणि पुढचे दहा शेजारच्या शेडकडे न्यावेत, हेही सोयीचे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्याकडे असे मशीन आहे, त्यांनी महिन्यातला एक शनिवार विद्यार्थ्यांच्या कामासाठी मोकळा ठेवला, तर हीरक महोत्सवाच्या कमानीवर झालेल्या खर्चाइतकेच ते शोभून दिसेल. ते फुकट करू नये. फुकटच्या कामात मूल भाव समजून घेत नाही आणि कारागीर मन लावत नाही.

काम द्यायला जाणाऱ्यांसाठी शेवटी थोडी रीतभात. ड्रॉइंग आधी खऱ्या मापाने कागदावर छापून घ्यावे, पुठ्ठ्यावर चिकटवावे, कापावे आणि पेटीवर धरून पाहावे. पंख्याच्या चार भोकांमधले अंतर 105 मिलिमीटर आहे की चुकून 150 लिहिले गेले, हे पुठ्ठाच सांगतो, आणि पुठ्ठा रद्दीत मिळतो. मग एकच नग करून घ्यावा. तो रंगाआधी घरी आणून बसवून पाहावा, दार लागते का, स्क्रू शेवटपर्यंत जातो का, पंखा सुरू केल्यावर पत्रा गुणगुणतो का. उरलेल्या नऊ नगांचा पत्रा त्यानंतरच मशीनवर चढवावा. आणि पहिल्या नगात चूक निघाली, तपासल्यावर ती आपल्याच ड्रॉइंगमधली ठरली, तर त्या वाया गेलेल्या नगाचे पैसे कारागिराने मागण्याआधी त्याच्या हातावर ठेवावेत. पुढच्या शनिवारी तो दार उघडे ठेवील.